गूगल रीडरमधून बाहेर पडताना

१३ मार्च २०१३ रोजी गूगलने बंद करायच्या गोष्टींची एक यादी जाहीर केली. ब्लॅकबेरी फोनवरचं गूगल व्हॉइस ॲप, इमारतींची त्रिमितीय मॉडेल्स करायचं बिल्डिंग मेकर, अशा काही सेवा त्यात होत्या, आणि त्याच यादीत, त्याच सुरात, निवडक ब्लॉग आणि बातम्या एका जागी वाचायच्या गूगल रीडरचंही नाव होतं. वापर कमी होत चाललाय, कंपनीला आपली ताकद मोजक्या उत्पादनांवर लावायची आहे, म्हणून १ जुलै २०१३ ला रीडर बंद. कारणं एवढीच दिली होती. त्याच दिवशी व्हॅटिकनमध्ये नवे पोप निवडले गेले. माझ्या ओळखीतले नेटवर वाचणारे लोक मात्र दिवसभर रीडरबद्दलच बोलत होते.

मुदत साडेतीन महिन्यांची होती. मोठ्या कंपन्यांनी याहून कमी मुदतीत सेवा बंद केल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे मुदतीबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. या साडेतीन महिन्यांत मी काय काय केलं, काय हाती लागलं आणि काय लागलं नाही, ते सविस्तर लिहितो. ऑनलाइन सेवा आजही बंद होतात, आणि सामान हलवायची वेळ आली की प्रत्येकाला तेच प्रश्न पडतात.

ज्यांनी रीडर वापरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बहुतेक ब्लॉग आणि बातम्यांच्या साइट आपल्या ताज्या लेखांची एक फाइल प्रसिद्ध करतात. तिला आरएसएस फीड म्हणतात. रीडर अशा हजारो फीड ठरावीक वेळाने तपासायचा, नवं काही आलं की उचलून आणायचा आणि तुमच्यासमोर एकाखाली एक मांडायचा. कीबोर्डवर J दाबलं की पुढचा लेख, K दाबलं की मागचा. काय आधी दाखवायचं हे ठरवणारं गणित तुम्ही मागितल्याशिवाय मध्ये येत नव्हतं. तुम्ही निवडलेली माणसं आणि त्यांनी लिहिलेलं, ज्या क्रमाने लिहिलं त्या क्रमाने. ऑक्टोबर २००५ मध्ये तो सुरू झाला आणि तेव्हापासून माझ्यासारख्या अनेकांचं सकाळचं वाचन तिथेच व्हायचं.

पहिल्या दोन दिवसांत सगळीकडे एकच झुंबड उडाली. रीडर चालू ठेवा अशी मागणी करणाऱ्या एका याचिकेवर बघता बघता एक लाखाच्या वर सह्या झाल्या. मीही सही केली, फार आशा न ठेवता. फीडली या फीड वाचायच्या दुसऱ्या सेवेने ४८ तासांत पाच लाख नवे लोक आल्याचं जाहीर केलं. न्यूजब्लर ही एका माणसाने उभी केलेली सेवा होती, ती या लोंढ्याखाली दबून गेली. गंमत अशी की तेव्हाचा फीडलीही आतून रीडरच्याच यंत्रणेवर चालत होता. म्हणजे तिथे गेलेले लोक खरं तर अजून रीडरमध्येच होते. फीडलीच्या लोकांनी आपण रीडरसारखीच यंत्रणा स्वतः उभारतोय असं सांगितलं आणि जूनमध्ये ती चालूही करून दाखवली. मला त्यांचं आजही कौतुक वाटतं.

सगळ्यांना हे जमलं नाही. संगणकावर चालणारा फीडडेमन हा वाचक-प्रोग्रॅम एकाच प्रोग्रॅमरने वर्षानुवर्षं सांभाळला होता. त्याचं सगळं सिंक, म्हणजे वेगवेगळ्या संगणकांवर एकच यादी आणि वाचलेल्याच्या खुणा जुळत्या ठेवणं, रीडरच्या भरवशावर चालायचं. रीडर जाणार म्हटल्यावर त्याने फीडडेमनही थांबवत असल्याचं सांगून टाकलं. मोठी सेवा बंद होते तेव्हा तिच्या आधाराने उभ्या राहिलेल्या लहान गोष्टीही जातात. घोषणेत त्यांचा उल्लेख नसतो, कारण त्या कंपनीच्या नसतात.

मी घाई केली नाही. झुंबड ओसरू दिली आणि आधी आपलं सामान काय आहे ते बघायचं ठरवलं. गूगलची टेकआउट नावाची सोय २०११ पासून आहे, तिथून रीडरमधला आपला डेटा उतरवून घेता येत होता. बटण दाबायचं, थोडं थांबायचं, झिप फाइल येते. ती उघडली. आत सबस्क्रिप्शन्स नावाची एक एक्सएमएल फाइल आणि बाकीच्या जेसन (JSON) फाइल, दोन्ही साध्या मजकुरात डेटा ठेवायच्या रचना: स्टार केलेलं, आवडलेलं, शेअर केलेलं, टिपा, आपण कुणाला फॉलो करतो आणि आपल्याला कोण करतं.

सबस्क्रिप्शनची फाइल मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि बराच वेळ वाचत बसलो. ओपीएमएल नावाच्या रचनेत ती असते. प्रत्येक फीडची एक ओळ. ओळीची सुरुवात आउटलाइन या शब्दाने, मग ब्लॉगचं नाव, मग प्रकार म्हणून आरएसएस, मग फीडचा पत्ता आणि शेवटी ब्लॉगचा पत्ता. फोल्डर म्हणजेही एक आउटलाइनच, तिच्या पोटात बाकीच्या ओळी. बस. इतक्या वर्षांची आवड, कुणाकुणाच्या शिफारशीने जोडलेले लेखक, एखाद्या विषयाचं वेड लागलं तेव्हा भराभर घेतलेल्या फीड, हे सगळं एका छोट्या फोटोहून कमी जागेत मावलं होतं. आणि ती फाइल कुणालाही वाचता येण्यासारखी होती, कुठल्याही दुसऱ्या रीडरला देता येण्यासारखी होती. हे आपोआप झालेलं नव्हतं. कुणीतरी आधी ही रचना खुली ठेवायचं ठरवलं होतं, आणि रीडर बनवणाऱ्यांनी तीच वापरायचं ठरवलं होतं, म्हणून मला बाहेर पडायला दार होतं.

एक अडचण लगेच दिसली. रीडरमधले फोल्डर म्हणजे खरं तर लेबलं होती. एकच फीड दोन-तीन फोल्डरमध्ये ठेवता यायची आणि फाइलमध्ये ती प्रत्येक फोल्डरखाली वेगळी ओळ म्हणून यायची. मी ही फाइल एका नव्या सेवेत टाकली तर तिने पहिली ओळ घेतली आणि बाकीच्या सोडून दिल्या. दुसऱ्या एका सेवेत त्याच फीड दोनदा आल्या आणि प्रत्येक लेख दोनदा दिसायला लागला. शेवटी मी फाइलच हाताने नीट केली: प्रत्येक फीड एकदाच, जिथे खरोखर शोभेल तिथे. कंटाळवाणं काम होतं, पण फार उपयोगी पडलं, कारण ते करताना मी प्रत्येक पत्ता उघडून पाहिला.

आणि खरी गोष्ट तिथे लक्षात आली. त्यातले बरेच पत्ते मेलेले होते. काही ब्लॉग लेखकांनी सोडून दिलेले, काहींचं डोमेन संपून तिथे जाहिरातींची पानं आलेली. पण रीडरमध्ये त्या फीडवर क्लिक केलं की लेख दिसत होते! जुन्या रेडिओंची दुरुस्ती करणाऱ्या एका माणसाचा ब्लॉग मी फार आवडीने वाचायचो. कुठला कपॅसिटर आधी तपासायचा, व्हॉल्व्ह गरम होतोय पण आवाज येत नाही तर घोडं कुठे पेंड खातंय, हे तो इतक्या शांतपणे लिहायचा की रेडिओ हातात न घेताही समजायचं. त्याची साइट नेटवर कुठेच उरली नव्हती. रीडरमध्ये मात्र खाली खाली जात राहिलं की त्याचे सुरुवातीचे लेखसुद्धा सापडत होते. चित्रं नव्हती, कारण फीडमध्ये चित्राचा फक्त पत्ता येतो आणि चित्र मूळ साइटवरून आणलं जातं. पण मजकूर अख्खा होता.

असं का, ते समजून घ्यायला फीड कशी चालते हे बघावं लागतं. फीडच्या फाइलमध्ये सहसा शेवटचे दहा-वीस लेखच असतात. नवा लेख आला की जुना खाली सरकतो आणि बाहेर पडतो. रीडर मात्र जे एकदा उचललं ते टाकून देत नव्हता. जगातल्या कुणी एकाने एखादी फीड पहिल्यांदा जोडली त्या दिवसापासूनचे तिचे लेख गूगलच्या मशीनवर साठत गेले, आणि नंतर ती जोडणाऱ्या प्रत्येकाला ते मागे जाऊन वाचता यायचे. म्हणजे वाचनाची सोय करता करता रीडर नकळत २००५ पासूनच्या ब्लॉगलेखनाचं एक प्रचंड ग्रंथालय होऊन बसला होता. त्यात अशी कितीतरी पुस्तकं होती ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

टेकआउटच्या झिपमध्ये यातलं काहीच नव्हतं. आणि नियमाने पाहिलं तर ते बरोबरच होतं. माझा डेटा म्हणजे मी काय निवडलं, कशावर स्टार केलं, काय शेअर केलं. रेडिओवाल्याचे लेख माझे नव्हते. ते गूगलचेही नव्हते. ते त्याचे होते, आणि तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. बंद होणाऱ्या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट कुणाच्याच नावावर नसेल तर ती उतरवून घ्यायचं बटण कुणाच्या पानावर असणार? आपापला डेटा घेऊन जा, असं घोषणेत म्हटलं होतं. मी घेतला. पण मला जे जपावंसं वाटत होतं ते त्यात बसतच नव्हतं.

जूनमध्ये एक वाट निघाली. मिहाई पारपारिता हे रीडरच्या टीममध्ये काम केलेले इंजिनिअर. तोवर ते गूगलमधून बाहेर पडले होते. त्यांनी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काही प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुले केले. त्यातला एक तुमच्या खात्याने लॉगिन करून, तुम्ही जोडलेल्या प्रत्येक फीडचा रीडरने साठवलेला सगळा मजकूर तुमच्या संगणकावर उतरवायचा. खिडक्या, बटणं काही नाही, कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं. ज्या माणसाने ते घर बांधायला हात लावला होता त्यानेच घर पाडायच्या आधी सगळ्यांना आतलं सामान काढायला मदत करावी, याचं मला फार वाटलं.

मी तो प्रोग्रॅम रात्री चालू करून ठेवायचो. स्क्रीनवर ओळी सरकत जायच्या: अमुक फीड, इतके लेख, पुढची फीड. मध्ये कधी कनेक्शन तुटलं तर पुन्हा चालवायचो. डिस्कवर जे साठलं त्यापुढे टेकआउटची झिप म्हणजे काहीच नव्हती, आकारानेही आणि मोलानेही. पहिल्यांदा मी रेडिओवाल्याचं फोल्डर उघडलं. कच्चा डेटा वाचायला किचकट असतो. प्रत्येक लेखाला एक लांबलचक ओळखक्रमांक, त्यात गूगल डॉट कॉम, पुढे स्वल्पविराम आणि २००५ हे साल कोरलेलं. तारीख सेकंदांत, १ जानेवारी १९७० पासून मोजलेली. मग वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमधला लेखाचा मजकूर. तो एका ब्राउझरच्या टॅबमध्ये टाकला आणि लेख नीट दिसला. तुटलेल्या चित्रांच्या चौकटींसकट.

याच सुमारास आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटानेही काम सुरू केलं होतं. सेवा बंद होण्याआधी तिथला सार्वजनिक मजकूर वाचवायचा, हाच त्यांचा उद्योग. रीडरच्या साठ्यातल्या फीड ते उतरवत होते आणि त्यासाठी लोकांकडून फीडच्या पत्त्यांच्या याद्या मागत होते, कारण रीडरला पत्ता सांगितल्याशिवाय तो काही देत नव्हता. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या ब्लॉगचा पत्ता कुणाच्या तरी ओपीएमएल फाइलमध्येच असणार. मी माझी जुनी, न निवडलेली यादी त्यांना दिली, मेलेल्या पत्त्यांसकट. खरं तर मेलेले पत्तेच जास्त कामाचे होते.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट वाचवता आली नाही, आणि ती त्याआधीच गेली होती. रीडरमध्ये पूर्वी एखादा लेख आपल्या ओळखीच्या वाचकांना शेअर करता यायचा, त्यावर चार ओळी लिहिता यायच्या, खाली गप्पा व्हायच्या. ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस गूगलने हे काढून टाकलं आणि शेअरिंगसाठी गूगल प्लस या आपल्या सोशल नेटवर्ककडे बोट दाखवलं. इराणमधल्या वाचकांना याचा मोठा फटका बसला, कारण तिथे अडवलेल्या साइटचे लेख वाचायचा आणि एकमेकांना द्यायचा तो त्यांचा मार्ग होता. माझ्या बाबतीत नुकसान लहान पण पक्कं होतं. ज्यांच्या शिफारशींवर माझं अर्धं वाचन चालायचं ते लोक विखुरले. टेकआउटने मला फॉलो करणाऱ्यांची जेसन फाइल दिली, त्यात नावं होती. पण नावांची यादी म्हणजे ती मंडळी नव्हेत. २०१३ मध्ये रीडर वापर घटल्यामुळे बंद होतोय असं जेव्हा सांगितलं गेलं, तेव्हा २०११ मधली ही काटछाट मला आठवल्याशिवाय राहिली नाही. सेवेतला जिवंत भाग आधी काढायचा आणि मग लोक येत नाहीत म्हणून ती बंद करायची, हा क्रम मला पटत नाही. गूगल प्लसही एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं.

१ जुलैनंतर रीडरच्या पत्त्यावर एक छोटं पान आलं. निर्णय तुम्हाला पटला नसेल हे आम्ही समजतो, पर्याय आवडतील अशी आशा आहे, अशा अर्थाचं. डेटा उतरवायची सोय १५ जुलैपर्यंत ठेवली होती. मी तोवर एकदा पुन्हा झिप उतरवून आधीच्या प्रतीशी ताडून पाहिली आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली.

आता नवीन ठिकाण. मी दोन-तीन सेवा एकाच वेळी वापरत राहिलो आणि माझा हा निर्णय योग्य ठरला. द ओल्ड रीडर नावाची सेवा रीडरच्या जुन्या रूपासारखी होती, शेअरिंगसकट, म्हणून मला सगळ्यात जवळची वाटायची. जुलैच्या अखेरीस तिच्या चालकांनी सांगितलं की इतक्या लोकांचा भार पेलवत नाही, सर्वांसाठी खुली असलेली साइट आम्ही बंद करतोय. थोड्याच दिवसांत ती दुसऱ्यांकडे जाणार असल्याचं ठरलं आणि ती वाचली. चालकांवर मी रागावलो नाही. मोजक्या लोकांनी हौसेने उभं केलेलं घर एका रात्रीत धर्मशाळा झाली तर ते थकणारच. जून २०१३ मध्येच मोठा गाजावाजा होऊन सुरू झालेला डिग रीडर मार्च २०१८ मध्ये बंद झाला. म्हणजे पर्याय म्हणून जिथे गेलो तिथूनही निघावं लागलं. पण प्रत्येक वेळी तीच ओपीएमएल फाइल हातात होती, त्यामुळे दुसरीकडे जाणं हे चहा पिता पिता होणारं काम ठरलं.

आता मी पैसे भरून एक सेवा वापरतो. पैसे भरले म्हणजे सेवा कायम राहील असं मुळीच नाही, पण निदान वापर कमी झाला म्हणजे काय, हे मला आणि चालवणाऱ्याला एकाच भाषेत कळतं. नवी सेवा निवडताना मी आधी तिच्या सेटिंगमध्ये जाऊन निर्यातीचं बटण शोधतो, दाबून पाहतो, आलेली फाइल उघडतो. स्टार केलेल्या लेखांचा मजकूर येतो की नुसते दुवे? फोल्डर टिकतात का? तारखा येतात का? दुवे असतील तर ते मेल्यावर माझ्याकडे काहीच उरणार नाही, म्हणून जे लेख खरोखर हवेत ते मी त्याच दिवशी पूर्ण उतरवून घेतो, चित्रांसकट. रेडिओवाल्याचे लेख वाचताना त्या रिकाम्या चौकटी बघितल्या की हे करायचा कंटाळा येत नाही. त्याने ज्या सोल्डरच्या सांध्याकडे बाण दाखवून 'इथे बघा' असं लिहिलंय, तो सांधा मला कधीच दिसणार नाही.

२०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं, अमेरिकेत एप्रिलमध्ये आणि इतरत्र जूनमध्ये. पॉडकास्टही आरएसएसवरच चालतात, त्यामुळे काय होणार याचा अंदाज होता. निर्यातीचं बटण दाबलं, ओपीएमएल फाइल आली, दुसऱ्या ॲपला दिली आणि सगळे कार्यक्रम जागच्या जागी दिसायला लागले. अशा फाइलमध्ये कुठला भाग कुठवर ऐकला होता ते नसतं. ते मी आधीच एका कागदावर उतरवून ठेवलं होतं.